टेबलाची कळ

मखमलीचा तागा टेबलावर उलगडला की घरातल्या सगळ्यांनी खाली यायचं, हा नियम बाबांच्या वेळेपासूनचा. मखमल म्हणजे अंगात वारं भरलेलं कापड. एका टोकाला धरावं तर दुसऱ्या टोकाने सरकतं, आणि एकदा का तिचं रूं, म्हणजे वरची लव, उलटसुलट लागलं की एकाच ताग्यातले दोन पडदे दोन घरचे वाटतात. त्यात या वेळचा पडदा प्रार्थनागृहाचा, जिथून गात-गात प्रवचन सांगतात त्या व्यासपीठाच्या पाठीमागे लागणारा. तेव्हा रविवारी सकाळीच दादाने जिन्याखालून हाक दिली, "आहात त्या कपड्यांत खाली या रे सगळे!" आणि वरचं घर खालच्या दुकानात उतरलं.

आत्या आधीच खाली होती. मागच्या आठवड्यात याच टेबलाशी ती हातातल्या कात्रीसकट मटकन खाली बसली होती. थोरल्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, छातीचा आलेख काढला, आणि "हृदय ठणठणीत आहे" एवढं ऐकून घराने सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टरीणबाईंनी पोटाची सोनोग्राफी लगेच करून घ्यायला सांगितली होती, तेवढी राहिली होती. राहिली होती म्हणजे आत्याने राहू दिली होती.

"वन्सं, उद्या उपाशीपोटी जायचंय हं," वहिनी टाचण्यांची डबी पुढे सरकवत म्हणाली. "मी वेळ घेऊन ठेवलीय."

"आणि पडदा?"

"पडदा काय पळून जातोय?"

"मखमल आहे वहिनी. पळूनच जाते ती. धरा तिकडून."

वहिनीने धरलं, पण तोंड बंद ठेवलं नाही. "अर्ध्या ताटावरून उठता तुम्ही. ब्लाउज सैल झालेत. दुकान शिवणाऱ्यांचं आहे म्हणून, नाहीतर एव्हाना गळून पडले असते."

"आत्या, मी सांगू?" थोरला दुसऱ्या टोकाकडून म्हणाला. "गॅसच्या गोळ्या झाल्या. कमरेला पट्टा झाला. खांद्याचा एक्स-रे झाला. हृदयाचा आलेख झाला. सगळं गाव फिरून झालं, एक गल्ली सोडून. तेवढी बघून येऊ की!"

"त्याच गल्लीत माझी आई गेली ती परत आली नाही," आत्या म्हणाली, आणि कापडावर खडूची रेघ ओढली.



रेघ ओढत आत्या टेबलाच्या खिडकीकडच्या कोपऱ्याशी आली. खरं तर तिथे कोपरा नव्हता. टेबलाचं ते टोक आतल्या बाजूला गोलाईने कापून काढलेलं होतं, एका माणसाला पोटाशी लाकूड न लागता उभं राहता येईल एवढं. ही आईची जागा. आई इथे उभी राहून कापायची, आणि कोपरा होता तेव्हा वाकली की टेबलाची कड तिच्या उजव्या बरगडीखाली रुतायची. तिथूनच ती कळ उठायची. आई उजवी मूठ बरगडीखाली दाबून धरायची, पाठ दाराच्या चौकटीला टेकवायची आणि डोळे मिटून उभी राहायची. एकदा असंच तिला उभं पाहून बाबा काही न बोलता करवत घेऊन आले. सागवानी टेबल, त्यांच्या वडिलांनी करून घेतलेलं. शेजारचा सुतार "अहो मास्तर, टेबल भ्रष्ट करताय" म्हणून ओरडत राहिला. बाबांनी ऐकलं नाही. दुपारभर करवत चालवली, कड कानशीने घासली, वर कापसाची गादी ठोकली आणि आईला म्हणाले, "ये. आता उभी राहून बघ."

आणि आईची कळ थांबली. चांगली वर्षभर थांबली!

ही गोष्ट या घरात किती वेळा सांगितली गेली असेल, त्याला गणती नाही. नव्या सुनेला सांगितली जायची, नव्या कारागिराला सांगितली जायची. गिऱ्हाईक कापड टाकायला आलं आणि कोपऱ्याकडे बघत राहिलं, की त्यालाही खुर्ची दिली जायची. वर्षानंतर कळ परत आली, हे मात्र कुणी फार रंगवून सांगायचं नाही. गादी दबली असेल, असं म्हणून बाबांनी नवी गादी ठोकली, मग आणखी जाड. पुढे आईला ताप चढला, डोळे पिवळे झाले आणि दवाखान्यात ती गेली, तेव्हा कावीळ झाली असं म्हणाले. कळ वेगळी, कावीळ वेगळी. तिच्या जागेवर आत्या उभी राहिली ती आजतागायत. काही वर्षांनी तिच्या बरगडीखाली पहिली कळ आली, तेव्हा बाबा तिच्याकडे बघून म्हणाले होते, "आईची जागा घेतलीस, तिची कळपण घेतलीस पोरी." आत्याला तेव्हा रडू आलं होतं, आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं होतं. आईचं काहीतरी आपल्या अंगात आहे, असं.

"मी म्हणतो, गादीच बदलायला हवी," दादा म्हणाला. तो मशीनवरून उठून आला होता, काखेत निळ्या फोमचा तुकडा. "हा बघ, नव्या तऱ्हेचा. दाबला तरी परत वर येतो."

"फोम!" वहिनीने मखमल खाली ठेवली. "बहीण वाळत चाललीय आणि तुम्ही फोम आणताय? सासूबाईंच्या उशाशी मी होते. तुम्ही भावंडं बाबांना सावरत होतात. त्यांचे ते डोळे मी पाहिलेत. तेव्हाही सगळे 'बघू, बघू' म्हणत होते."

"आईचं काय मध्ये काढतेस?"

"मध्ये कुठे? तिथेच उभ्या आहेत की त्या, कोपऱ्यात! तुमच्या फोमवर!"

थोरला हसला. मग कुणीच हसत नाहीये हे बघून मखमलीचं टोक सारखं करू लागला. आत्याने दादाकडे पाहिलं. दादा तिच्या बाजूने उभा होता खरा, पण बोटं फोममध्ये रुतवत आणि सोडत होता. फोम परत वर येतोय की नाही, हे त्याचं त्यालाच बघायचं असावं.

"जाऊ दे ना आई," दारातून धाकटीचा आवाज आला. ती थोरल्याची बहीण, वाचनालयात नोकरीला. कापडाच्या धुळीने तिला लहानपणापासून शिंका यायच्या, म्हणून टेबलाजवळ तिला कुणी कधी येऊ दिलं नव्हतं. मखमलीच्या दिवशीही ती दारातच बसायची आणि चहा-बिस्किटांचं तेवढं बघायची. "नसेल तिला जायचं, तर जबरदस्ती कशाला? दुखतं, थांबतं. सगळ्यांनाच काही ना काही दुखतं."

वहिनी लेकीकडे बघतच राहिली. "तू? परवा तर तूच म्हणत होतीस, आत्याला न्यायलाच हवं म्हणून!"

"तेव्हा म्हणत होते."

"आणि आता?"

"आता चहा घ्या," धाकटी म्हणाली.

चहा झाला. बेकरीतली लोण्याची बिस्किटं झाली. आत्याने एकालाही हात लावला नाही. लोण्याच्या वासाने तिला मळमळायला लागलं होतं. धाकटीने मात्र खाल्ली, बोलायचं नसलं की माणूस खातं तशी एकामागून एक.

मग कात्री सुरू झाली. बाबांची कापायची एक पद्धत होती. खडूची रेघ मारताना ते आदल्या दिवशीच्या प्रवचनातली गोष्ट सांगायचे आणि कात्री चालायला लागली की त्याच गोष्टीतलं पद गायचे. रेघ संपली की गोष्ट थांबायची; ऐन भरात थांबायची, आणि मुलं "पुढे काय झालं, पुढे काय झालं" करत टेबलाभोवती नाचायची. "आधी कापू द्या रे, देव कुठे जात नाही," बाबा म्हणायचे. आत्याचा आवाज बाबांसारखा भरदार नव्हता, पण कात्री चालली की तिचंही गाणं आपोआप सुरू व्हायचं. दादा मशीनपाशी सूर धरायचा, तोही मूळ सुराच्या थोडासा बाजूचा. आजही धरला. मघाचं भांडण मखमलीखाली गेलं. थोरला कापड ओढत गेला, वहिनीने हात सपाट करून सुरकुत्या काढल्या, पडद्याचा दुसरा पट्टा निम्मा कापून झाला आणि पदाची शेवटची ओळ गाता गाता आत्याने सहज मान वर केली.

धाकटी दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभी होती. उजवी मूठ बरगडीखाली, कोपर अंगाशी घट्ट, डोळे मिटलेले.

आत्याची कात्री थांबली.

मखमलीत कात्री अर्ध्यावर थांबवायची नसते. कड चुरगळते, आणि ती खूण मग इस्त्रीनेही जात नाही. बाबा गेल्याची बातमी आली तेव्हासुद्धा आत्याने हातातला काप पुरा करून मग कात्री खाली ठेवली होती. दादाचा सूर तेवढा एकटा तरंगत राहिला.

"काय झालं गं?" दादा म्हणाला.

आत्या टेबलाला वळसा घालून दारापाशी गेली. "कुठे दुखतंय?"

"कुठे काय?" धाकटीने मूठ घाईघाईने खाली घेतली. "काही नाही."

"उजवीकडे, बरगडीखाली. आणि मागे, इथे, खांद्याच्या फऱ्याशी. कुणी आतून पिळतंय असं. हो ना?"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "तुला कसं कळलं?"

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. येतं, जातं. मला वाटलं, पित्त असेल. लिंबूपाणी पिते मग. पण काल रात्री जोरात आलं, आणि त्या गल्लीची मलाच भीती वाटली."

"आणि घरात बोलायची सोय नाही का?" वहिनी धावत आली. तिचा आवाज रागाचा होता, हात मात्र लेकीच्या पाठीवर फिरत होता. "आईला सांगायचं नाही?"

"सांगून काय होणार होतं? आत्याचं बघतेच आहे की मी! आणि तुम्ही सगळ्यांनी म्हटलं असतं, टेबलाची कळ. मी तर टेबलाशी कधी..."

ती बोलता बोलता थांबली. सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. खिडकीतून ऊन पडलं होतं, त्या गोल कापलेल्या कडेवर, गादीखालून डोकावणाऱ्या बाबांच्या कानशीच्या खुणांवर.

"दादा," आत्या म्हणाली, "ही टेबलाला उभी राहिलीय का रे कधी?"

"नाही," दादा म्हणाला, आणि हातातला फोम त्याने हळूच मशीनखाली सरकवला.

आत्याच्या मनात त्या क्षणी काय आलं? बाबांची ती दुपारभरची करवत आली. सुताराचं ओरडणं आलं. गोष्ट ऐकून डोळे पुसणारी गिऱ्हाइकं आली. ते सगळं तिच्या ओटीत होतं, आणि गाठ सोडली तर ते जमिनीवर सांडणार होतं, हे तिला दिसत होतं. पण समोर पोरगी उभी होती, आईसारखीच मूठ धरून. आणि आईची गोष्ट पुढे कशी जाते, ते या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"वहिनी, उद्या उपाशीपोटी म्हणालात ना?" ती म्हणाली. "दोघींची वेळ घ्या."

*

डॉक्टरीणबाईंनी आधी आत्याला झोपवलं. धाकटी पायाशी खुर्चीवर बसली. पोटावर गार जेल पडलं तशी आत्या दचकली.

"श्वास घ्या. धरून ठेवा. आता सोडा. डाव्या कुशीवर वळा." डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज ताकासारखा शांत. पडद्यावर करडं-काळं काही हलत होतं, ढगाळ रात्रीसारखं. त्यांनी यंत्र एका जागी थांबवलं. "हे बघा. ही पित्ताची पिशवी. आणि हे खडे."

आत्याने मान वळवून पाहिलं. काळ्याशार पिशवीच्या तळाशी पांढरी टिंबं ओळीने बसली होती, उसवलेल्या कोटाच्या खिशातून निघावीत तशी.

"बटणं आहेत ही तर," ती म्हणाली.

धाकटी रडता रडता हसली.

मग धाकटीची पाळी. तिच्याही पिशवीत होते. लहान, थोडके, पण होते. डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून समजावून सांगितलं. तेलकट, लोण्या-सायीचं पोटात गेलं की ही पिशवी आवळते, खडा तोंडाशी येऊन अडतो आणि कळ उठते. खडा मागे सरला की थांबते. म्हणून माणूस फसतं. कुणी गॅस म्हणतं, कुणी खांदा म्हणतं, कुणाला हृदयाची धास्ती बसते. "तुमच्या पिशवीला सूज आहे, आत्याबाई. आता थांबायचं नाही. सर्जनना दाखवून याच आठवड्यात ठरवू. दुर्बिणीतून ती पिशवीच काढतात, चार भोकं पडतात, बस. हिचीही काढावी लागेल, पण तुमची आधी. घरात आणखी कुणाला होतं का असं?"

आत्याने सांगितलं. आईची मूठ, चौकट, करवत, गादी. पिवळे डोळेही. डॉक्टरीणबाई कागदावर लिहून घेत होत्या.

"म्हणजे आईलाही हेच होतं का हो?" आत्याने शेवटी विचारलं.

"मी त्यांना तपासलेलं नाही, कसं सांगू? पण तुम्ही सांगताय ते ऐकून तसंच वाटतं. खडा पुढे नळीत अडकला की डोळे पिवळे होतात, ताप येतो." त्यांनी लिहिलेल्यावरून नजर फिरवली. "एक मात्र कळलं नाही. कोपरा कापल्यावर वर्षभर त्यांना दुखलं नाही म्हणालात. त्या वर्षात घरात आणखी काही बदललं होतं का? खाण्यात?"

"खाण्यात काय बदलणार? साधंच खाणं आमचं. माझं लहानपणीचं ते मोठं दुखणं त्याच वर्षीचं, म्हणून मला..."

आणि आत्या थांबली. बाबा गोष्ट थांबवायचे तशी, ऐन भरात.

तिला स्वयंपाकघर दिसलं. आपण आजारातून नुकतीच उठलेली, पाय काटक्यांसारखे, भिंतीला धरून उभी. आई जेवायला बसलीय. पुढ्यात कोरडी भाकरी आणि पाण्यातली पातळ आमटी. दुधावरची साय आईचा जीव की प्राण, पण सायीची वाटी तिने आपल्याकडे सरकवलीय. "तू खा. मी देवाला बोललेय. पोर चालती होऊन शाळेची पायरी चढेपर्यंत मी साय-लोणी खाणार नाही, तळलेलं तोंडात घालणार नाही." आणि मग शाळेचा पहिला दिवस, वर्ष उलटल्यावरचा. आईने पायरीवर सोडलं. संध्याकाळी आपण घरी आलो तेव्हा घरभर तळणीचा वास होता आणि आई हसत होती.

"आत्या?" धाकटीने तिचा हात धरला. "काय झालं?"

"त्या वर्षी आईचा नवस चालू होता," आत्या म्हणाली. "माझ्यासाठी केलेला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"आणि नवस फिटल्यावर कळ परत आली. आम्ही म्हटलं, गादी दबली."

*

दुकानात परतल्या तेव्हा दुपार कलली होती. वहिनीने खडे किती, ऑपरेशन कधी, खायचं काय, सगळं एका दमात विचारून घेतलं आणि ती वर पातळ आमटी टाकायला गेली. दादा टेबलापाशी उभा होता. त्याच्या हातात लाकडाचा तो तुकडा होता, बाबांनी कापून काढलेला कोपरा. आईने तो कधी फेकू दिला नव्हता. कापड उडू नये म्हणून वर ठेवायचा दाब म्हणून तो इतकी वर्षं टेबलावरच नांदत होता, हातांनी गुळगुळीत झालेला. कडेची गादी काढून दादा तो त्याच्या जुन्या जागी लावून बघत होता. करवतीच्या जाडीएवढी फट सोडली तर अजून बसत होता.

आत्याने त्याला नवसाचं सांगितलं. दादाने ऐकून घेतलं. 

"म्हणजे बाबांनी उगाच कापलं," तो म्हणाला. "चांगलं टेबल. आणि आपण आयुष्यभर लोकांना सांगत बसलो."

"उगाच कसं? आईचं दुखतंय हे खरं मानलं त्यांनी. मला आठवतंय, बाकी सगळे म्हणत होते, बायकांचं काही ना काही असतंच."

"पण आई तर..."

"आई गेली, दादा. ते फोमने भरून यायचं नाही, माहितीय मला." तिने टेबलावरचा खडू उचलून डबीत टाकला. "वर्षभर तिला दुखलं नाही. ते वर्ष तिने स्वतःच कमावलं होतं, मला वाचवायला जाऊन, आणि श्रेय दिलं नवऱ्याच्या करवतीला. तिलाही कळलं नसेल रे. कळलं असतं तरी बोलली नसती. दुपारभर घाम गाळलेला माणूस समोर उभा राहून विचारतोय, बरं वाटतंय का म्हणून. काय सांगणार ती?"

दादाने नाक पुसलं. "चिकटवून टाकू का हा आता? सुताराचा मुलगा करून देईल."

"नको. मखमलीवर दाब लागतो." तिने तुकडा त्याच्या हातातून घेतला आणि अर्धवट राहिलेल्या कापडावर ठेवला. कात्री थांबली तिथे कड चुरगळली होती, बोटभर. तिने त्यावरून अंगठा फिरवला. झालरीत जाईल, कुणाला दिसणार नाही. आपल्याला दिसेल, तर दिसू दे.

"ए, इकडे ये," तिने दारात उभ्या असलेल्या धाकटीला हाक मारली. "तोंडाला रुमाल बांध आणि ये. ऑपरेशनच्या आधी पडदा पुरा करायचाय मला. इथे उभी राहा."

"तिथे?" धाकटीने त्या कापलेल्या जागेकडे पाहिलं. "आजीच्या जागेवर?"

"ये गं. टेबल चावत नाही."

धाकटी आली. रुमालाआडून एकदा शिंकली आणि त्या गोलाईत उभी राहिली. आत्याने तिचे दोन्ही हात धरून मखमलीवर सपाट ठेवले, रूं कुठे वळतं ते बोटांना दाखवलं. मग कात्री उचलली. मशीनपाशी दादाने सूर धरला, थोडासा बाजूचा, आणि काल जिथे थांबली होती त्याच ओळीपासून आत्या गायला लागली.